पुलाबद्दल अध्यक्ष काय बोलले

१

बोलता बोलता टेप मुकी झाली.

संपादकांचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला होता. "अध्यक्षसाहेब, आता पुलाचं बोलू. पूल पडला, त्याला जबाबदार कोण?" आणि त्यापुढे काहीच नाही. खोकला नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. सभागृहातली माणसं आधी एकमेकांकडे बघत होती, मग डाव्या भिंतीवरच्या कर्ण्याकडे बघायला लागली. उजव्या भिंतीवरचा कर्णा गेल्या उन्हाळ्यापासून खरखरतो म्हणून बंदच असतो. तो दुरुस्त करायला आमच्या दप्तरखान्याला अजून सवड मिळालेली नाही.

"थांबा, येईल," संचालक म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शांतता इतकी लांबली की मागच्या रांगेतल्या एकाने घड्याळाला चावी दिली तीही सगळ्यांना ऐकू आली. आणि मग एकदम वाक्याच्या मधूनच अध्यक्षांचा आवाज उगवला: "...च्या कडेनं सावलीची झाडं लावली, तर माळी मला म्हणतो, साहेब, झाडं लावलीत, आता पाणी तुम्हीच घाला!" त्यावर ते स्वतःच खो खो हसले. मेलेल्या माणसाचं हसणं ऐकून सभागृहात एकही माणूस हसला नाही.

माझ्या शेजारी मास्तरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

हे सगळं समजायला आधी आमची जागा समजून घ्या. आमचा दप्तरखाना म्हणजे या भागातल्या कर्त्या माणसांची आयुष्यं सांभाळून ठेवायची जागा. पहिली डॉक्टरीण, अग्निशामक दलाचा जुना प्रमुख, वाचनालय काढणारा शिंपी, अशा सगळ्यांचे फोटो, कागद आणि आवाज इथे आहेत. आवाज मोठ्या स्पूलच्या टेपांवर आहेत. वर्तमानपत्राचे जुने संपादक त्या काळी खांद्याला जडशीळ मशीन अडकवून घरोघर फिरले आणि त्यांनी हे सगळं बोलतं केलं. आता तेही गेले. मी पोलिसातून निवृत्त झाले आणि घरी बसून सुनेच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा इथल्या वाचनकक्षाच्या दारात टेबल टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तपासणं हे माझं काम. सगळे मला फौजदारबाई म्हणतात, आणि मी चिडते असा त्यांचा समज आहे. तो खरा आहे.

आज उघडलेली टेप माजी नगराध्यक्षांची. त्यांची अट होती, मी गेल्यावर दहा वर्षांनी ऐका. ती मुदत आज संपली. टेपा सांभाळणाऱ्या आमच्या टेपभाऊंनी सगळ्यांसमोर बंद कपाटातून डबा काढला, स्पूल मशीनवर चढवली, बटण दाबलं आणि लगेच आवाज सुरू झाला. एरवी इथे टेप ऐकायची म्हणजे आधी खाली जाऊन चहा पिऊन यावा लागतो.

संध्याकाळी समिती बसणार होती. नव्या चरित्र-दालनात कोणाकोणाला जागा द्यायची ते ठरायचं होतं. अध्यक्षांची जागा तर पक्कीच होती, वाद होता तो इंजिनियरसाहेबांचा. फार वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी नदीवरचा पायी चालायचा पूल पडला, माणसं बुडाली, आणि सगळं खापर नगरपालिकेच्या इंजिनियरवर फुटलं. नोकरी गेली. मान खाली घालून जगला, पुलाबद्दल घरीही कधी बोलला नाही आणि तसाच मेला. त्याच माणसाने गावाला नळ दिले होते, गटारं बांधली होती, पण त्याचा साधा फोटोही आमच्याकडे नाही. समितीचं म्हणणं होतं, अध्यक्ष टेपमध्ये काय बोलतात ते ऐकू आणि मग ठरवू.

आणि मास्तरीणबाई त्याच इंजिनियरची मुलगी. शाळेत पोरं तिला 'पूलवाल्याची पोरगी' म्हणून चिडवायची. पुढे ती त्याच शाळेत गणित शिकवायला लागली, निवृत्त झाली, आणि आता आमच्या टेपा घरी नेऊन ऐकते आणि कागदावर उतरवून देते, फुकट. संपादकांनी मरण्यापूर्वी तिला एवढंच सांगितलं होतं, "थांब. टेप उघडेल तेव्हा ऐक." त्या एका वाक्यावर तिने सगळी वर्षं काढली.

पहिल्या रांगेतून अध्यक्षांचे चिरंजीव उठले. साठी उलटली तरी गाव त्यांना चिरंजीवच म्हणतं. नव्या दालनाचं छप्पर त्यांच्याच देणगीतून झालंय. "हा काय प्रकार आहे?" ते कडाडले. "मला जाब हवाय!"

"जाब तुम्हीच द्या की!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सभागृहात एकच गलका झाला.

त्या गलक्यात टेपभाऊ माझ्या कानाशी आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फौजदारबाई, टेप खराब झालेली नाहीये. कोणीतरी मुद्दाम पुसलीये."

२

संचालकांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. हा माणूस एरवीही घाबरट, आज तर पाचावर धारण बसली होती.

"संध्याकाळपर्यंत मला नाव हवंय. नाहीतर टेपभाऊंना घरी बसवावं लागेल. कपाट त्यांच्या ताब्यात आहे."

"आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या खणात."

"नेहमी?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "नव्या दालनात सामान हलवत होतो ना, तेव्हा थोडे दिवस खिळ्याला टांगली होती. सारखी कोण काढून देणार?"

"म्हणजे गावजेवणाला ठेवली होती म्हणा की."

"तुम्ही लगेच असं बोलता."

"चिरंजीव आले होते का, टेप आधी ऐकायला मिळेल का म्हणून विचारायला?"

चष्मा हातातून निसटता निसटता राहिला. "तुम्हाला कसं कळलं? आले होते. मी नाही म्हणालो. देव शप्पथ नाही म्हणालो! छप्पर त्यांचं असलं म्हणून काय झालं?"

हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला जो दम लागतो तो त्याच्यात नाही. पण 'छप्पर त्यांचं' हे शब्द माझ्या डोक्यात अडकले.

तिथून मी टेपभाऊंच्या खोलीत गेले. ते टेपचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"मी नाही केलं," ते म्हणाले.

"मी विचारलंय का? मला एवढंच सांगा, आज टेप लगेच कशी वाजली? रोज तर तुमचं ते गुंडाळणं संपता संपत नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपाटातून दुसरी एक स्पूल काढली. तिच्या बाहेरच्या टोकाला लाल पट्टी होती. "हे बघा. आपण टेप ऐकून संपली की उलटी गुंडाळत नाही, आहे तशीच ठेवतो. शेवट बाहेर, सुरुवात आत. सावकाश वाजत गुंडाळलेली टेप सैल पडत नाही, जास्त वर्षं टिकते. लाल पट्टी म्हणजे शेवट, पांढरी म्हणजे सुरुवात. ऐकायच्या आधी उलटी गुंडाळायची."

"आणि आजची?"

"पांढरी बाहेर होती." त्यांनी कपाळावर हात मारला. "सगळे समोर बसलेले, मला घाई झालेली. पांढरी दिसली, म्हटलं बरं झालं, वेळ वाचला. अहो, संपादकांनी मुलाखत संपल्यावर ती तशीच्या तशी डब्यात घातली होती. लालच बाहेर असायला हवी होती!"

"म्हणजे मध्ये कोणीतरी ऐकली, पुसली आणि उलटी गुंडाळून ठेवली."

"मी असं जन्मात करणार नाही. हे घरी गाणी ऐकणाऱ्या लोकांचं काम." ते आता तापले. "नाहीतरी इथे माझं ऐकतो कोण? संचालकांना उलट-सुलट कळत नाही. बाई टेपा आवरून देतात, वर मलाच सांगतात की घेतलेली वस्तू नीट लावून परत द्यावी. बघायला येणारे पाहुणे तर स्पूलला बोटं लावतात! कोणाकोणाला शिकवू?"

त्यांची गाऱ्हाणी मी अर्ध्या कानाने ऐकली. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, ज्याला कसलीही पद्धत माहीत नाही, घर मोठं आहे, आणि बापाची अब्रू पणाला लागलेली आहे.

मी चप्पल पायात सरकवली आणि थेट चिरंजीवांच्या दुकानाचा रस्ता धरला.

३

चिरंजीवांचं दुकान फरशांचं. बाहेर नेहमी मजूर उभे असतात, आज रस्त्यावर दहाबारा रिकामटेकडे जमले होते आणि आत बघून कुजबुजत होते. चिरंजीव एकटेच बसले होते. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"या. सगळं गाव येऊन गेलं, तुम्हीच राहिला होतात."

"टेप तुम्ही पुसलीत?"

"नाही."

"पण ऐकायची होती."

"होती. का नसावी? आमच्या घरात पुलाचा शब्द काढायची सोय नव्हती. बाबा ताटावरून उठून जायचे. मला वाटलं, चारचौघांत कळण्याआधी मला एकट्याला कळावं." त्यांचा आवाज खाली आला. "ताई, खरं सांगतो, मी घाबरलोय. बाबा काय बोलले असतील या भीतीने मला झोप लागत नाही. पण पुसायचं कशाला? पुसलं तर गावाने जे समजायचं ते समजलंच की! बघा बाहेर."

"घाबरलेली माणसं पुसतात."

"बरं, मी पुसली असं धरा." ते एकदम पुढे झुकले. "मग बागेचं बोलणं का पुसलं असतं? गावाची बाग म्हणजे बाबांच्या आयुष्यातलं एकच काम असं की ज्याला गावात कोणी नावं ठेवत नाही. ते झाडांचं बोलणं सुरू झालं तेव्हा आधीचं अर्धं उत्तर गेलेलं होतं. मी मुलगा आहे त्यांचा. पुलाचं संपलं कुठे, बाग लागली कुठे, हे शेवटपर्यंत ऐकून मगच बोट ठेवलं असतं. एक शब्द जास्तीचा जाऊ दिला नसता."

पोलिसात असताना एक गोष्ट शिकले होते, समोरच्याने बरोबर बोलल्यावर तोंड बंद ठेवायचं.

दुकानातून बाहेर पडले आणि पायऱ्यांवरच थांबले. माणूस बरोबर बोलत होता. ज्याने टेप पुसली त्याला उत्तराची सुरुवात माहीत होती, कारण पुसणं प्रश्न संपताक्षणी सुरू होतं. पण उत्तर कुठे संपतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने अंदाजाने भरपूर पुढे जाऊ दिलं. म्हणजे त्याने उत्तर ऐकायला घेतलं आणि मध्येच बंद केलं.

पण का? लपवायला निघालेला माणूस शेवटपर्यंत ऐकतो. मध्येच बंद कोण करतं? ज्याला ऐकवत नाही तो.

आणि दुसरं. टेप इथल्या मशीनवर पुसायची तर टेपभाऊंच्या नाकाखाली पुसावी लागते, म्हणजे ती बाहेर गेली होती. बाहेर जायचं तर माझ्या टेबलासमोरून जावं लागतं. मी संचालकांची पिशवीसुद्धा उघडून बघते, ते नाक मुरडतात तरी. चिरंजीव आले तेव्हा हात हलवत आले आणि हात हलवत गेले. टेपा घेऊन माझ्यासमोरून राजरोस जाणारं माणूस या इमारतीत एकच आहे.

बाई टेपा आवरून देतात.

देवा, चूक असू दे माझी, असं मी रस्ताभर म्हणत आले.

४

टंकलेखनाच्या खोलीत ती एकटीच होती. आमच्या दोघींच्या खुर्च्या खिडकीपाशी असतात, दुपारी आम्ही तिथेच डबे उघडतो. मागच्याच आठवड्यात तिने मला लहानपणची एक गोष्ट सांगितली होती. पूल पडला त्या सकाळी त्यांच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी नाहीशी झाली होती. आई दिवसभर चोराला शिव्या देत होती, आणि मग संध्याकाळी बातमी आल्यावर दोरीचं कोणाला सुचलंच नाही. "बघ ना, एवढं मोठं झालं आणि मला आठवते ती दोरी," असं म्हणून ती हसली होती.

मी समोर बसले. "तू शेवटपर्यंत का नाही ऐकलंस?"

तिने एकदाही 'काय' म्हणून विचारलं नाही. टाइपरायटरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"तुला कसं कळलं, फौजदार?"

"टेप उलटी गुंडाळून, आवरून ठेवलीस."

तिला हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरले. "शाळेची सवय. वस्तू नीट लावून ठेवायची." मग ती घडाघडा बोलायला लागली, जणू कोणी विचारायचीच वाट बघत होती. "किल्ली समोर टांगलेली होती गं. मला फक्त आधी ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर रडू नये म्हणून. घरी नेली, लावली. संपादकांनी विचारलं, जबाबदार कोण. आणि ते म्हणाले, इंजिनियर. पूल सुरक्षित आहे असं त्याने लिहून दिलं, सही त्याचीच, कोणी जबरदस्ती केली नाही. इतक्या थंडपणे म्हणाले! मी बटण दाबून बंद केलं. एवढी वर्षं मी कशाची वाट बघत होते? हेच ऐकायची?"

"मग पुसलंस."

"पुसलं. काहीच नसलेलं बरं ना? काही नसलं तर लोक म्हणतील, बड्या घरच्यांनी दाबलं. म्हणजे माझे बाबा खरे. तेवढंच मला हवं होतं. दालनात एक फोटो."

"आणि चिरंजीवांच्या दारात लोक जमलेत ते?"

"त्यांच्या बापाने माझ्या बापाच्या दारात जमवले होते!" ती ओरडली. मग लगेच चेहरा ओंजळीत झाकला. "नको, तसं नाही. मला माहीत आहे ते. सकाळी सभागृहात त्यांचा चेहरा बघितला तेव्हापासून इथे तोंड लपवून बसलेय."

एवढ्यात दार धाडकन उघडलं. संचालक, आणि त्यांच्यामागे टेपभाऊ. संचालकांचा चेहरा खुलला होता. "बाई, आनंदाची बातमी! समितीतले सगळे फोनवर तेच म्हणतायत, हे त्या घरचंच काम. इंजिनियरसाहेबांना दालनात जागा पक्की समजा. आता फक्त सही-शिक्का राहिलाय."

मी तिच्याकडे बघितलं. तिला हवं होतं ते तिच्या पदरात पडलं होतं, आणि ते तसंच राहू द्यायला आम्ही दोघींनी फक्त गप्प बसायचं होतं. खरं सांगते, मला त्या क्षणी गप्प बसायचा मोह झाला. माझी मैत्रीण होती ती.

"टेपभाऊ," तिनेच तोंड उघडलं, "तुम्हाला उगाच ताप झाला. टेप मी पुसली. घरच्या मशीनवर."

संचालकांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. पण टेपभाऊ रागावले नाहीत. ते एकदम दोन पावलं पुढे आले.

"घरच्या? ते तुमचं छोटं, झाकणाचं मशीन?"

"हो."

"त्यावर पुसली? नक्की त्यावरच?" त्यांचा आवाज चिरकला. "अहो बाई, मग ती पुसलीच गेली नाहीये!"

५

आम्ही सगळे सभागृहात धावलो. टेपभाऊ पळता पळता सांगत होते. संपादकांचं मशीन रेडिओवाल्यांचं, ते टेपच्या सबंध रुंदीवर आवाज भरतं. घरगुती मशीन एका वेळी अर्ध्याच रुंदीवर चालतं, म्हणजे टेप उलटली की उरलेल्या अर्ध्यावर आणखी काही भरता येतं. तिने वरची अर्धी पट्टी पुसली होती. खालची अर्धी तशीच होती.

"मग सकाळी ऐकू का आलं नाही?" संचालकांनी विचारलं.

"आपल्या मशीनवर वरची पट्टी डाव्या कर्ण्यातून येते, खालची उजव्या." टेपभाऊंनी बंद कर्ण्याकडे बोट दाखवलं. "आपला उजवा कुठे चालू असतो!"

त्यांनी स्पूल चढवली. हात बटणावर ठेवला आणि तिथेच थांबले.

"बाई, लावू?"

ती पहिल्या रांगेत बसली होती. पुढे काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. तिला जेवढं माहीत होतं, त्यात बाप दोषी होता. लावू नका म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"चिरंजीवांना बोलवा आधी," ती म्हणाली. "त्यांनी पण ऐकायला हवं. आणि मग लावा. मुलांची अर्धी वही तपासून मी कधी मार्क दिले नाहीत."

चिरंजीव आले. काय झालंय ते मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि एक खुर्ची सोडून बसले.

उजवा कर्णा आधी नुसता खरखरला. मग खरखरीतून संपादकांचा प्रश्न आला, आणि यावेळी त्यापाठोपाठ उत्तर आलं.

"जबाबदार? कागदावर इंजिनियर. पूल सुरक्षित आहे असं त्यानं लिहून दिलं. सही त्याचीच. कोणी जबरदस्ती केली नाही." मग बराच वेळ काही नाही. बाईने डोळे मिटून घेतले. माझा हात तिच्या हातात होता आणि तो मी ओढून घेतला नाही.

"असं मी चौकशीत सांगितलं," अध्यक्षांचा आवाज पुढे म्हणाला. "ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. तो आधी म्हणत होता, पूल बंद ठेवा. मी म्हटलं, बाजार बुडेल, सही कर, पाऊस गेला की दुरुस्त करू. माझ्या शब्दाखातर त्यानं केली. पण घरी गेल्यावर त्याला चैन पडलं नसावं. उजाडायच्या आत जाऊन त्यानं पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले. आणि तिथून सरळ माझ्याकडे आला. म्हणाला, सही परत घेतो. मी त्याला खोलीत बसवलं, चहा सांगितला, आणि बाहेर येऊन शिपायाला म्हटलं, जा, ते दोर सोड."

कर्णा खरखरला.

"पूल पडला तेव्हा तो माझ्या खोलीतच बसला होता. चहा घेतला नव्हता त्यानं."

"हे त्यांनी चौकशीत सांगितलं नाही?" संपादकांचा आवाज.

"सांगितलं की. मी लिहू दिलं नाही. शिपायानं दोर आणून माझ्या टेबलावर ठेवले होते. एक नगरपालिकेचा. दुसरा कपडे वाळत घालायचा, घरचा. त्याला चिमटे तसेच होते. ते चिमटे मला अजून दिसतात."

बाईच्या तोंडून एक आवाज आला. तो रडण्याचा होता की कशाचा, मला सांगता येणार नाही. "आमची दोरी," ती म्हणाली. "आईची दोरी." मग ती ढसाढसा रडायला लागली, सगळ्यांसमोर, जे टाळण्यासाठी तिने हा सगळा उपद्व्याप केला होता.

चिरंजीवांनी चष्मा काढून खिशात ठेवला. टेपवर त्यांचे वडील आता बागेबद्दल बोलायला लागले होते, आणि सकाळी गेलेलं ते अर्धं उत्तरही इथे सबंध होतं. टेपभाऊ बंद करायला गेले, तर चिरंजीव म्हणाले, "राहू दे. संपू दे सगळी."

टेप संपली, लाल पट्टी फडफडली. टेपभाऊंनी ती तशीच, शेवट बाहेर ठेवून, डब्यात घातली.

"समितीला मी सांगतो," चिरंजीव उठून म्हणाले. "बाबांचा फोटो लागला तर शेजारी त्यांचा लागेल. नाहीतर दोन्ही नकोत." ते तिच्यासमोर थांबले. मग निघून गेले. दाराबाहेर जमलेल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली.

संचालकांनी घसा साफ केला. "बाई, तुमचं काय करायचं? बंद टेप बाहेर नेणं, पुसणं... मला लिहून कळवावं लागेल. इथलं काम तुम्हाला..."

"बंद. माहीत आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण लिहून कशाला? टेपभाऊ, कोरी स्पूल आहे का एखादी?"

"आहे."

"लावा. मी काय केलं ते माझ्या तोंडून राहू दे. त्याच डब्याशेजारी ठेवा. उद्या कोणी ही टेप ऐकली आणि वरची पट्टी कोरी का म्हणून विचारलं, तर उत्तर नको का?"

टेपभाऊंनी नवी स्पूल चढवली, समोर माइक ठेवला. प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. संपादक गेलेले, संचालक भिंतीला टेकून उभे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर मी जबाब घेतले, पण इतका जड जबाब कधी घेतला नव्हता. मी खुर्ची तिच्यासमोर ओढली. स्पूल फिरायला लागली.

"सुरुवातीला ओळख सांगा," मी म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले, कारण टेपवर तसंच म्हणायचं असतं. "तुम्ही कोण?"

तिने पदराने तोंड पुसलं, ताठ बसली, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"मी पूलवाल्याची पोरगी."